सोसायट्यांचीं बांधकामें आणि मृगाचा हिशेब

ठिकठिकाणच्या सोसायट्यांच्या वार्षिक सभा नुकत्याच होऊन गेल्या. कायद्याप्रमाणें त्या ३० सप्टेंबरच्या आंत भरावयाच्या असतात, आणि खरिपाच्या काढणीच्या तोंडावर सभासदांस फुरसत कमी असल्यामुळें बहुतेक ठिकाणीं त्या घाईनेंच उरकल्या जातात. या सभांतून अलीकडे एक ठराव हटकून मंजूर होतो, तो म्हणजे सोसायटीनें स्वतःचें गोदाम बांधण्याचा. या ठरावास आमचा विरोध नाहीं. हक्काची कोरडी जागा नसल्यामुळें सोयाबीन, तूर, कांदा मिळेल त्या भावानें विकून टाकावा लागतो, खताचीं पोतीं कोणाच्या तरी पडवींत भिजतात, हें या मासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु ठराव मंजूर झाल्यापासून छप्पर चढेपर्यंत जो काळ जातो, त्याचा विचार आमच्या सोसायट्या करीत नाहींत. करतात तो फक्त एका आंकड्याचा, आणि तोही खरा नसतो. आमचें म्हणणें असें आहे कीं, बांधकामाचा अंदाज आधीं दिवसांत मांडावा व मग रुपयांत. आणि दिवस जुळत नसतील तर त्या वर्षीं कुदळ मारूं नये.

रूढ रीत सर्वांच्या परिचयाची आहे. ओळखीच्या इंजिनिअराकडून चौरस फुटाच्या दरानें एक रक्कम काढून घ्यावयाची. ती सभेस जड वाटेल म्हणून थोडी खालीं आणावयाची. कर्जाचा अर्ज त्या खालीं आणलेल्या रकमेचा करावयाचा. आणि कोणी पुढारी येणार असेल त्या दिवशीं नारळ फोडावयाचा. पुढें जसजसें लागेल तसतसें पाहूं, असें सर्वजण एकमेकांस सांगतात. आमच्या पाहण्यांतील एका गांवीं याप्रमाणें माघ महिन्यांत काम सुरू झालें. पाया चार फूट धरला होता. जमीन काळी, मुरूम लागला तो नऊ फुटांवर. छपरासाठीं ठेवलेला पैसा अशा रीतीनें जमिनींत गेला. स्वस्त मिळालें म्हणून सिमेंट एकदम आणून ठेवलें होतें, तें उघड्या शेडमध्यें राहिलें. मृग लागला तेव्हां भिंती खिडक्यांच्या वर आल्या होत्या आणि वर आकाश होतें. जोत्यांतील भर पावसानें खचली, सिमेंटच्या उरलेल्या पोत्यांचे धोंडे झाले, आणि दिवाळीनंतर कंत्राटदार परत आला तो नवे दर घेऊन. मधल्या काळांत कर्जावरील व्याज मात्र एक दिवसही थांबलें नाहीं. त्या वर्षीं सभासदांचा माल पूर्वींप्रमाणेंच व्यापाऱ्याच्या वखारींत पडला, आणि त्याचें भाडें त्यांनीं वेगळें भरलें.

खेडेगांवच्या सोसायटीचा हा गबाळेपणा म्हणून कोणी हंसूं नये. ज्या कामांवर शेंकडों इंजिनिअर राबले, त्यांचाही इतिहास याहून फारसा निराळा नाहीं. प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचें धरण १९१० सालीं सुरू होऊन १९२६ सालीं पुरें झालें. मध्यें पहिलें महायुद्ध होऊन गेलें, तरी २७० फूट उंचीचें दगडी धरण सोळा वर्षांत उभें राहिलें. त्याच नदीवर, खालच्या अंगास, निळवंडे येथील धरणाची कल्पना १९७० सालीं निघाली. त्या वेळीं खर्चाचा अंदाज आठ कोटी रुपयांच्या आंत होता. त्याच्या ८५ किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्याचें लोकार्पण झालें तें २६ ऑक्टोबर २०२३ रोजीं, आणि तोंवर खर्चाचा आंकडा सुमारें ५१७७ कोटींवर गेला होता. सात तालुक्यांतील १८२ गांवांना या पाण्याचा लाभ व्हावयाचा. ज्या शेतकऱ्यानें विसाव्या वर्षीं धरणाची बातमी ऐकली, तो या समारंभाच्या दिवशीं त्र्याहत्तर वर्षांचा होता. हयात असला तर.

विदर्भांत वैनगंगेवर गोसीखुर्दचें काम आहे. त्यास १९८३ सालीं मंजुरी मिळाली ती ३७२ कोटी रुपयांची. पायाभरणी १९८८ सालीं झाली. २००९ सालीं त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, आणि पुढें सुधारलेला अंदाज १८,४९४ कोटींचा झाला, म्हणजे मूळ आंकड्याच्या जवळजवळ पन्नासपट. भंडारा, नागपूर व चंद्रपूर या जिल्ह्यांतील अडीच लाख हेक्टर जमीन भिजावी हा हेतु. यांतील पुष्कळशी वाढ रुपयाची किंमत उतरल्यामुळें झाली आहे व जमिनीचा मोबदला आणि विस्थापितांचें पुनर्वसन हे खर्च न्यायानेंच वाढले आहेत, हें आम्ही जाणतों; सगळा फरक उधळपट्टीचा असें म्हणणें अन्यायाचें होईल. पण रुपयाची किंमत उतरावयास वर्षें लागतात, आणि तीं वर्षें कामानेंच दिलेलीं असतात. किंमत वाढली म्हणून पैसा कमी पडला, पैसा कमी पडला म्हणून काम लांबलें, काम लांबलें म्हणून पुन्हां किंमत वाढली: ही मोट एकदां फिरूं लागली कीं, तिला थांबविणारा कोणी राहत नाहीं. शिवाय दोन्हीं ठिकाणीं धरणांत पाणी आधीं सांठलें व कालवे मागाहून आले. धरणांत अडकलेला पैसा कालवा होईपर्यंत शेतकऱ्याच्या दृष्टीनें मेलेलाच. बिनछपराच्या चार भिंती आणि बिनकालव्याचें धरण यांत आम्हांस लहानमोठेपणाखेरीज भेद दिसत नाहीं.

आतां त्याच प्रवरेच्या पाण्यावर झालेलें दुसरें एक काम पाहावें. लोणी येथील सहकारी साखर कारखान्याची नोंदणी १९४८ सालीं झाली आणि १९५० सालीं त्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील यांची चिकाटी आणि धनंजयराव गाडगीळ यांचें मार्गदर्शन हीं त्याचीं कारणें म्हणून नेहमीं सांगितलीं जातात व तीं खरींच आहेत. आमच्या मतें त्यांत आणखी एक गोष्ट मोडते. ऊंस उभा असतां कारखान्यास थांबतां येत नाहीं. तारीख माणसाच्या हातची नसली म्हणजे मनुष्य उलटा हिशेब करावयास शिकतो. शेतकऱ्यास हा हिशेब जन्मतःच येतो. पेरणीचा दिवस ठरवून तो मागें येत येत नांगरट, पाळी, खत, बियाणें यांचे दिवस लावतो. मग हाच मनुष्य सोसायटीच्या पंचकमिटींत बसला कीं, सुरवातीच्या मुहूर्तापासून पुढें कां मोजूं लागतो, याचें आम्हांस नवल वाटतें.

गोदामापुरता हा उलटा हिशेब आम्ही येथें थोडा विस्तारानें करून दाखवितों. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. पण वळवाचा पाऊस त्याची वाट पाहत नाहीं, आणि वळवाबरोबर येणारा वारा अर्धवट बसविलेले पत्रे उडवून नेतो. म्हणून पत्रे चढून घट्ट झालेले असावयाचे ते एप्रिलच्या अखेरीस. मे महिना हिशेबांत धरावयाचाच नाहीं. तो अडचणींसाठीं राखून ठेवावयाचा, आणि अडचण आली नाहीं तर त्यांत दारें, रंग व सभोंवारचा पाण्याचा चर करावयाचा. पत्रे एप्रिलांत, तर लोखंडी कैच्या मार्चांत उभ्या राहिल्या पाहिजेत. त्या कारखान्यांत तयार होतात, तेव्हां त्यांची मागणी भिंती पुऱ्या होण्याची वाट न पाहतां जानेवारींतच द्यावयाची. भिंती चढत असतां तिकडे कैच्या तयार होत राहतात. भिंती फेब्रुवारी व अर्धा मार्च. जोतें व त्यांतील भर जानेवारी. पाया डिसेंबर. आणि पाया डिसेंबरांत हवा असेल, तर दर मागविणें, ते उघडणें, करार, जागेचे कागद व परवानग्या हें सर्व दिवाळीच्या मागेंपुढें संपलें पाहिजे. याचा अर्थ असा कीं, सप्टेंबरच्या सभेपुढें नुसती कल्पना न येतां नकाशा, जागा व दर हे तयार होऊन यावयास पाहिजेत. ज्या सोसायटीच्या सभेंत प्रथमच 'गोदाम बांधावें काय?' असा प्रश्न निघतो, तिचें गोदाम त्या वर्षीं होत नाहीं. तिनें तें पुढच्या वर्षाचें समजावें.

सर्वांत मोठी फसगत पायाशीं होते, म्हणून त्याविषयीं थोडें अधिक लिहितों. काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते व पावसाळ्यांत फुगते. तिच्यावर ठेवलेली भिंत दरसाल वर उचलली व खालीं सोडली जाते, आणि दोनतीन वर्षांत कोपऱ्यापासून तडकते. पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेल्यावांचून यास दुसरा सोपा उपाय नाहीं. आतां मुरूम किती खोल आहे हें गांवांतील विहिरी खोदणाऱ्यांस सामान्यपणें ठाऊक असतें, परंतु एकाच शेतांत दोन टोकांस त्यांत चार हातांचा फरक पडलेला आम्हीं पाहिला आहे. जागेच्या चार कोपऱ्यांस व मधोमध असे पांच खड्डे आधीं खणून पाहण्यास यंत्राचें एका दिवसाचें भाडें पुरतें. तें वांचविण्यासाठीं लाखोंचा अंदाज अंधारांत बांधणें ही काटकसर नव्हे. या खड्ड्यांचें माप घेतल्याशिवाय तयार झालेलें अंदाजपत्रक सभासदांनीं सभेंत स्वीकारूंच नये असें आमचें स्पष्ट मत आहे.

जोत्यांतील भर हें दुसरें फसवें काम. पायांतून निघालेली काळी माती तेथल्या तेथें जोत्यांत लोटली कीं वाहतूक वांचते, म्हणून ती लोटली जाते. मग वर केलेली फरशी धान्याच्या थप्पीखालीं बसते, फुटते, आणि फुटलेल्या जागेंतून ओल व उंदीर वर येतात. भर मुरमाची हवी, ती वीतभर थरांनीं टाकून, पाणी मारून, चोपून घ्यावयास हवी, आणि याला दिवस लागतात. जोत्याची उंचीही ट्रकच्या फळीशीं जुळेल अशी आधींच ठरवावी. नाहीं तर प्रत्येक पोतें दोनदां उचलावें लागतें व ती हमाली गोदाम असेपर्यंत सुटत नाहीं.

काँक्रीटला घाई करून चालत नाहीं हें तर सर्वश्रुत आहे. त्याची ताकद साधारण २८ दिवसांच्या हिशेबानें मोजतात. राखमिश्रित सिमेंट, जें हल्लीं बाजारांत बहुधा मिळतें, त्यास कोरड्या व कडक हवेंत पंधरवडाभर तरी ओलें ठेवावें लागतें. कोणत्या आधाराच्या फळ्या किती दिवसांनीं काढावयाच्या याचे नियम ठरलेले आहेत; लांब तुळईखालचे टेकू तीन आठवडे हलवूं नयेत. हे दिवस कंत्राटदाराच्या आर्जवानें कमी होत नाहींत. पण येथें आमच्याकडील एक खास गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे: काँक्रीटला पाणी लागतें, आणि आमच्या विहिरींना एप्रिलांत पाणी नसतें. चैत्रांत काँक्रीट टाकून त्यावर टँकरचें पाणी शिंपडणारी सोसायटी आपलीं गुरें तहानलेलीं ठेवते, किंवा मग काँक्रीट तहानलेलें ठेवते. पाण्याचें काम पौषाच्या आंत आटोपावें, कोरडें काम उन्हाळ्यावर ठेवावें. इतका साधा विचारही पुष्कळ अंदाजपत्रकांत नसतो.

मजुरांचें असेंच. ज्या भागांतून ऊंसतोडीच्या टोळ्या निघतात, तेथें दिवाळीपासून चैत्रापर्यंत गांवांत धट्टाकट्टा हात मिळणें कठीण. कापसाच्या मुलुखांत वेंचणीचे दिवस, ज्वारीच्या मुलुखांत फाल्गुनांतली काढणी, आणि सर्वत्र यात्रा व लग्नसराई. परप्रांतांतून आलेले गंवडी होळीला घरीं जातात ते आठपंधरा दिवसांनीं परततात, कधीं परततही नाहींत. या सर्व गोष्टी पंचकमिटीच्या प्रत्येक सभासदास तोंडपाठ असतात. त्या कागदावर मात्र येत नाहींत, कारण कागद शहरांतल्या इंजिनिअरानें केलेला असतो आणि त्यास आमच्या गांवची जत्रा केव्हां असते हें कोणी सांगितलेलें नसतें. अमेरिकन इंजिनिअर हेन्री गँट यांच्या नांवानें ओळखला जाणारा आडव्या पट्ट्यांचा तक्ता विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत प्रचारांत आला. प्रत्येक कामाची पट्टी किती दिवसांची, कोणत्या दोन पट्ट्या बरोबर चालतात व कोणती दुसरीच्या मागें थांबते, हें त्यांत एका दृष्टिक्षेपांत दिसतें. असला तक्ता करण्यास फार विद्या लागत नाहीं. सोसायटीच्या भिंतीवरील पंचांगाचीं नऊ पानें ओळीनें चिकटवून त्यांवर रंगीत रेघा ओढल्या तरी काम भागतें. त्यांत सणवार आयतेच छापलेले असतात!

आतां रुपयांकडे वळूं. अंदाजपत्रक खोटें ठरतें तें दर चुकल्यामुळें क्वचितच. बहुधा रकाने गाळल्यामुळें. कामाच्या बिलावर वस्तु व सेवा कर १८ टक्के पडतो, तो 'दर करासह कीं कराविना' हें न विचारल्यामुळें शेवटीं उघड होतो. सिमेंटवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला; ज्यांचें अंदाजपत्रक त्यापूर्वींचें आहे, त्यांनीं तें तसेंच पुढें न रेटतां दर नव्यानें मागवावे. विजेची जोडणी, रस्त्यापासून गोदामापर्यंतचा खडीचा तुकडा, वजनकांटा, लाकडी फळ्या, विमा, देखरेख करणाऱ्या इंजिनिअराची फी हीं सर्व इमारतीच्या बाहेरचीं म्हणून अंदाजाच्याही बाहेर राहतात. आणि एक रकाना तर आम्हीं कोठेंच पाहिला नाहीं: बांधकाम चालूं असतांनाच्या व्याजाचा.

उदाहरणासाठीं असें धरूं कीं, सोसायटीनें ४० लाख रुपये ९ टक्क्यांनीं काढले आणि २०२० सालीं सुरू झालेल्या कृषि पायाभूत सुविधा निधीची ३ टक्के व्याजसवलत तिला लाभली. उरलेल्या ६ टक्क्यांनीं वर्षाचें व्याज २ लाख ४० हजार, म्हणजे महिन्यास २० हजार. छप्पर एप्रिलांत न चढतां राहिलें तर पुढें काम सुरू होणार दिवाळीनंतर. हे सहा महिने १ लाख २० हजार रुपयांचे, आणि त्यांत एक वीटही चढत नाहीं. शिवाय कर्जफेडीस दिलेली सवड ठराविक असते. या योजनेंत ती किमान सहा महिने व कमाल दोन वर्षें आहे. गोदाम पुरें झालें कीं नाहीं हें न विचारतां ती संपते, व पहिला हप्ता दारांत उभा राहतो. भाड्याचें उत्पन्न नसतांना तो भरावयाचा कोठून? बहुधा पीककर्जाच्या वसुलींतून, आणि तेथून सोसायटीच्या दुखण्यास प्रारंभ होतो.

म्हणून रकमेजवळ तारीख लिहिल्यावांचून अंदाजपत्रक पुरें होत नाहीं. डिसेंबरांत किती रुपये हवेत, जानेवारींत किती, मार्चांत किती. आणि त्या त्या महिन्यांत ते येणार कोठून. अनुदान मंजूर होणें आणि तें हातांत पडणें यांत कित्येकदां वर्षाचें अंतर असतें, आणि पुष्कळ योजनांतून तें काम पुरें होऊन तपासणी झाल्यावरच मिळतें. अशा अनुदानाच्या भरंवशावर छपराची रक्कम मोकळी ठेवणें म्हणजे पुढल्या वर्षाच्या पावसावर या वर्षाचें पीक काढणें होय. एकूण रकमेच्या दहाव्या हिश्शाइतकी शिल्लक अडचणींसाठीं अलग ठेवावी, आणि तिला पाया बाहेर येईपर्यंत हात लावूं नये असें आम्ही सुचवूं. हा हिस्सा मोठा वाटतो खरा. पण ज्या गांवीं मुरूम नऊ फुटांवर लागला, तेथें तो पुरला नसता.

यावर दोन आक्षेप येतील व ते पोकळ नाहींत. पहिला असा कीं, एक वर्ष थांबलें तर सर्व महाग होईल. होईल, ४० लाखांच्या कामावर शेंकडा ८ नें वाढ धरली तरी ३ लाख २० हजार जास्त पडतील, आणि ही रक्कम आमच्या सोसायट्यांना लहान नाहीं. परंतु अपुऱ्या तयारीनें उडी घातल्यास हीच भाववाढ अर्ध्या कामावर पडतेच, आणि तिच्या जोडीस व्याज, खचलेली भर, वांया गेलेलें सिमेंट व परत बोलावलेल्या कंत्राटदाराची मिजास हीं येतात. थांबणाऱ्यानें कर्ज उचललेलें नसतें, हा फरक विसरतां कामा नये. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: यंदा काम न दाखविल्यास मंजुरी किंवा अनुदान हातचें जाईल. मे २०२३ मध्यें केंद्र सरकारनें सहकारी सोसायट्यांमार्फत धान्यसांठवणीची मोठी योजना मंजूर केल्यापासून ही भीति अधिक ऐकूं येते. यांत दोष योजना आंखणाऱ्यांचाही आहे. मार्चअखेरीच्या हिशेबासाठीं फेब्रुवारींत मंजुरी देऊन त्याच वर्षीं काम मागणें म्हणजे शेतकऱ्यास भर उन्हाळ्यांत पेरावयास सांगण्यासारखें आहे. बांधकामाच्या मंजुऱ्या पावसाळा संपण्यापूर्वीं हातांत पडाव्या, अशी मागणी जिल्ह्याजिल्ह्यांतील सोसायट्यांनीं एकत्र येऊन केली पाहिजे. जोंवर तसें होत नाहीं, तोंवर फेब्रुवारींत मंजुरी मिळालेल्या सोसायटीनें मुदतवाढीचा अर्ज त्याच आठवड्यांत करावा, आणि मे महिन्यापर्यंत खड्डे, नकाशा, दर व कुंपण एवढेंच उरकून घ्यावें. अनुदानासाठीं फेब्रुवारींत पाया खणणें आम्हांस तरी मान्य नाहीं.

काम चालूं झाल्यावर पंचकमिटीच्या मनांत नव्या कल्पना येतात, त्याविषयींही दोन शब्द. भिंत चढल्यावर कोणास शटर पूर्वेकडे हवेंसें वाटतें. चेअरमनसाहेबांस आपल्या बैठकीची खोली आठवते. कोणी म्हणतो, एवढें केलें तर वर एक मजला घेऊं. कंत्राटदार अशा वेळीं कधींही नाहीं म्हणत नाहीं, कारण कराराबाहेरच्या कामाचे दर त्याच्या मर्जीचे असतात. नकाशावर सह्या झाल्यानंतर बदल करावयाचा तर तो लेखी असावा, त्याची किंमत व त्याचे दिवस त्याच कागदावर असावे, आणि तो कमिटीच्या सभेंत वाचून मंजूर व्हावा. एवढी अट घातली तरी निम्म्या कल्पना आपोआप मावळतात. बिल द्यावयाचें तें मोजमाप पाहून. आणि प्रत्येक बिलांतून कांहीं अंश अनामत म्हणून राखून तो एक पावसाळा गोदामानें काढल्यावर परत करावा. छपराची परीक्षा पाऊसच घेतो.

अंदाज मुद्दाम कमी दाखविण्याची जी संवय पडली आहे, तिला आम्ही मुत्सद्देगिरी म्हणावयास तयार नाहीं. सभेनें खरा आंकडा ऐकून ठराव फेटाळला असता, म्हणून खोटा सांगितला, हें समर्थन आम्हीं अनेकदां ऐकलें आहे. भागाचा पैसा सभासदांचा, कर्जाची जबाबदारी सभासदांची, आणि निर्णय मात्र त्यांच्यापासून चोरून घ्यावयाचा, हा कसला सहकार? खरा आंकडा ऐकून सभेनें लहान गोदाम बांधावयाचें ठरविलें असतें. पन्नास टनांचें पुरें झालेलें गोदाम कांदा नाहीं तर खत तरी कोरडें ठेवतें, आणि जागा सोडून ठेवली असेल तर त्याच्या शेजारीं पुढें दुसरें उभें करतां येतें.

ज्या सोसायट्यांनीं या सप्टेंबरांत ठराव केले आहेत, त्यांच्या सभासदांनीं दिवाळीपूर्वीं कचेरींत जाऊन पायाच्या खड्ड्यांचीं मापें, महिन्यावार पैशाचा तक्ता आणि कामाच्या दिवसांचा तक्ता दाखवावयास सांगावें. हीं तीन्ही तयार असतील तर डिसेंबरांत खुशाल पाया खणावा. नसतील तर कर्जाचा पहिला हप्ता उचलूं नये, आणि तो यंदा न उचलण्याबद्दलचा अर्ज बँकेकडे आतांच द्यावा.